अचूक कसरतींसाठी पहिलं रेडिओ विमान: मैदानापासून ट्रिमपर्यंत

हौसेने घेतलेलं पॅटर्न विमान काही महिन्यांत माळ्यावर जातं, तेव्हा दोष बहुतेक वेळा विमानाचा नसतो, क्रमाचा असतो. आधी विमान आवडतं, मग त्याला बॅटरी शोधली जाते, मग मैदान. शेवटी लक्षात येतं की त्या मैदानावर त्या आकाराचं विमान नीट उडवताच येत नाही. इथे क्रम मुद्दाम उलटा घेतला आहे: आधी मैदान, मग आकार, मग विमान.

पॅटर्न म्हणजे ठरलेल्या कसरती ठरलेल्या क्रमाने, नेमून दिलेल्या चौकटीत, सरळ रेषा आणि गोल कमानी राखून, शक्यतो एकसारख्या वेगाने उडवणं. प्रॉपवर (नाकावरच्या पंख्यावर) लटकणं, जागेवर गिरक्या घेणं हा थ्रीडीचा खेळ. दोन्हींची विमानं दुकानात शेजारी टांगलेली असतात आणि फोटोत सारखी दिसतात. पहिली चूक तिथेच होते.

## १. आधी स्वतःची तयारी तपासा

चार चॅनलच्या (चार स्वतंत्र नियंत्रणांच्या), आयलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा, विमान लोळवणारा हलता भाग) असलेल्या साध्या विमानावर पुढच्या गोष्टी सहज जमायला हव्यात:

- दोन्ही दिशांनी उतरणं, आडव्या हलक्या वाऱ्यातही
- मोटर बंद करून धावपट्टीवर उतरणं
- साधा लूप (उभ्या वर्तुळात पूर्ण फेरी), साधा रोल (स्वतःच्या लांबीभोवती एक गिरकी)
- उलट्या विमानाने मैदानाला एक पूर्ण फेरी

शेवटची गोष्ट बरेच जण टाळतात. उलट्या उड्डाणात एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) कुठे ढकलायचा हे हाताला विचार न करता कळत नसेल, तर पॅटर्न विमान महिनाभर थांबू शकतं. तेवढा काळ सिम्युलेटरवर रोज पंधरा मिनिटं घाला.

## २. मैदान मोजा, उंचीसकट

पॅटर्नच्या आंतरराष्ट्रीय एफ३ए वर्गाच्या स्पर्धेत विमान वैमानिकापासून साधारण १५० मीटरवर उडतं. चौकट डावीकडे ६० अंश, उजवीकडे ६० अंश आणि वर ६० अंश. १५० मीटरवर ६० अंशांचं छत जवळपास २६० मीटर उंच जातं.

भारतात हे गणित बदलतं. रेडिओ विमानांनाही लागू असलेल्या ड्रोन नियम २०२१ नुसार हरित क्षेत्रात कमाल उंची ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट, म्हणजे ६० मीटर होते. पिवळ्या क्षेत्रात परवानगी लागते आणि लाल क्षेत्राचा विचारच करू नका. पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक इथे विमानतळ आणि संरक्षण दलाच्या जागा शहरांना लागून आहेत. त्यामुळे 'मोकळं मैदान आहे' एवढ्यावर भागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरचा नकाशा पाहा, आणि ज्या दिवशी उडवायचं त्याच दिवशी पुन्हा पाहा.

आता १२० मीटर हेच छत धरा. ६० अंशांचा कोन राखायचा तर विमान ६५ ते ७० मीटरवर उडवावं लागेल. तिथे चौकटीची रुंदी सुमारे २४० मीटर भरते. एवढ्या जागेत २ मीटरचं विमान कोंडतं. त्याचे लूप मोठे, वेग जास्त, आणि एक कसरत संपून दुसरी सुरू होईपर्यंत चौकटीची कड आलेली असते. १.३ ते १.५ मीटर पंखविस्ताराचं विमान याच जागेत मोकळं उडतं. तळाची रेषा १५ ते २० मीटरवर, लूप ४५ मीटर व्यासाचा, आणि स्टॉल टर्नचा (उभं चढून माथ्यावर बाजूला वळायचं आणि सरळ खाली यायचं) माथा ११० मीटरच्या आत.

तपासणी: उभं राहण्याच्या जागेपासून डावीकडे आणि उजवीकडे किमान १२५ मीटर मोकळं हवं. समोर ७० मीटर रेषेपर्यंत आणि त्यापुढे आणखी ५० मीटर हवेत. या पट्ट्यात विजेच्या तारा, रस्ता, वस्ती, चरणारी गुरं, काहीही नको. सूर्य सकाळी कोणत्या बाजूला असतो तेही पाहून घ्या. पूर्वेकडे तोंड करून पहाटे सरावाला उभं राहिलात तर निम्मी कसरत डोळे मिटून होईल.

जमीन मुरमाची आणि टणक असेल तर ५५ ते ६० मिलिमीटरची चाकं पुरतात. गवत असेल तर ७० मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. चाकांवरचे शोभेचे फायबर बूट गवतात पहिल्याच आठवड्यात तडकतात, सरावात ते काढूनच ठेवा.

## ३. आकार आणि वजन ठरवा

पहिल्या विमानासाठी आमचं उत्तर ठाम आहे: पंखविस्तार १.३ ते १.५ मीटर, बॅटरीसकट वजन २ किलोच्या आत.

या २ किलोच्या रेषेला कायद्याचाही आधार आहे. २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंत 'मायक्रो' वर्ग. व्यावसायिक वापर नसेल तर या वर्गाला दूरस्थ वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. २ किलोच्या वर गेलात की 'स्मॉल' वर्ग, आणि तिथे ते लागतं. प्रमाणपत्रात सूट आहे म्हणून नोंदणीतही आहे असं मात्र धरू नका, ती बाब वेगळी आहे. चालू नियम वाचूनच पहिलं उड्डाण करा.

दुसरं कारण सरावाचं. एफ३एचं पूर्ण विमान २ मीटर लांब, २ मीटर रुंद, बॅटरीसकट ५ किलोपर्यंत असतं आणि साधारणपणे दहा सेलच्या बॅटरीवर चालतं. दोन बॅटऱ्या, तसा चार्जर आणि मोठी गाडी जमवेपर्यंत खिसा रिकामा होतो. मग ते विमान जपून, महिन्यातून एकदा उडतं. पॅटर्न शिकायला एकाच सकाळी चार-पाच उड्डाणं लागतात. पडेल म्हणून उडवायची भीती वाटते, असं विमान पहिलं नको.

१.२ मीटरच्या खालीही जाऊ नका. दुपारच्या तापलेल्या हवेत ते विमान इतकं हलतं की चूक हाताची की वाऱ्याची हे कळत नाही.

## ४. धड पाहून पॅटर्न विमान ओळखा

नावावर आणि रंगावर जाऊ नका. या खुणा एकेक करून तपासा.

पंखाचा छेद. वर आणि खाली सारखाच फुगीर हवा. खालून सपाट असलेला पंख सरळ आणि उलट्या उड्डाणात वेगळा वागतो, आणि ते ट्रिमने (स्टिक सोडल्यावर विमान सरळ उडावं म्हणून केलेल्या बारीक जुळणीने) पूर्ण कधीच जात नाही.

पंखाची जागा. धडाच्या मध्यावर किंवा किंचित खाली. टोकं वर उचललेली नसावीत किंवा अगदी कमी उचललेली असावीत. जास्त उचललेला पंख रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभ्या शेपटीचा भाग) दिल्याबरोबर विमान लोळवतो.

लांबी. धडाची लांबी पंखविस्ताराइतकी किंवा थोडी जास्त. लांब शेपटामुळे विमान रेषेवर टिकतं. पंखाच्या तुलनेत आखूड धड दिसलं तर ते विमान बाजूला ठेवा.

धडाची उंची. बाजूने पाहिल्यावर धड उंच हवं. नाइफ एजमध्ये (विमान कुशीवर उडताना) पंखाचं काम धडच करतं.

हलणारे भाग. थ्रीडी आणि पॅटर्न वेगळं करणारी सर्वांत खात्रीची खूण हीच. पॅटर्नमध्ये आयलेरॉनची रुंदी पंखाच्या रुंदीच्या साधारण पाव किंवा त्याहून कमी असते. थ्रीडीत ती ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत जाते. मोठ्या आयलेरॉनचा थ्रो (तो किती हलतो ते माप) कमी करून थ्रीडी विमान 'पॅटर्नसारखं' करता येतं असं सांगितलं जातं. काही अंशी ते खरंही आहे. पण सर्व्होचा (हलणारे भाग फिरवणाऱ्या छोट्या मोटरचा) अर्धाच प्रवास वापरला जातो, त्याची ढिलाई दुपटीने जाणवते, आणि हलका मोठा पंख वाऱ्यात उचलला जातोच.

पंखावरचा भार. वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ. ३६ चौरस डेसिमीटर पंख आणि १७०० ग्रॅम वजन असेल तर ४७ ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर. या आकाराला ४० ते ५५ ठीक. ३० च्या खाली विमान तरंगतं, वाऱ्यात रेषा राखत नाही. ६० च्या वर गेलं की उतरताना वेग आवरत नाही.

### फोम की बाल्सा

ईपीओ फोम पडल्यावर पटकन चिकटवता येतो. पण तो वाकतो. जोरात खेचलेल्या लूपमध्ये पंख आणि शेपूट किंचित पिळतात आणि दर वेळी वेगळा परिणाम दिसतो. विदर्भातल्या मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला फोमचा पंख संध्याकाळपर्यंत वाकडा झालेला असतो. बाल्सा या हलक्या लाकडाचा तयार सांगाडा ताठ असतो आणि एकदा ट्रिम केला की तसाच राहतो. त्याच्या तक्रारी वेगळ्या: उन्हात आवरण सैल पडून सुरकुत्या येतात, कोकणातल्या पावसाळ्यात लाकूड ओल धरतं.

उतरताना अजून विमान आदळत असेल तर कार्बनच्या नळ्या घातलेला ताठ फोम घ्या. उतरणं पक्कं असेल तर थेट बाल्सा.

इशारा: खरेदीआधी विक्रेत्याला विचारा की पंख, शेपूट, काउल (मोटरवरचं झाकण) आणि चाकांचा सांगाडा सुटे मिळतात का. 'मिळतील' हे उत्तर पुरेसं नाही. आज साठ्यात आहेत का, हे विचारा.

## ५. वापरलेलं विमान घेताना

जुनं पॅटर्न विमान चांगला सौदा ठरू शकतो, पण दिव्याखाली तपासूनच.

1. मोटर धरून चारही बाजूंना हलवा. पुढची भिंत करकरली किंवा कडेने केसाएवढी फट दिसली तर जोड सुटला आहे.
2. चाकांचा सांगाडा बसतो तो ठोकळा आतून पाहा. आदळलेलं विमान इथे खरं सांगतं.
3. पंखाची नळी घाला. ती सैल हलत असेल तर पंखाचा कोन दर उड्डाणाला बदलेल.
4. प्रत्येक बिजागरी हलक्या हाताने ओढून पाहा.
5. वजन करा. मूळ माहितीपत्रकापेक्षा १० टक्क्यांहून जास्त भरलं तर आत दुरुस्तीचं इपॉक्सी आहे.

## ६. शक्तीचं गणित

मिथेनॉलचं ग्लो इंधन नियमित मिळवणं कटकटीचं असतं, आणि टाकी रिकामी होत गेली की तोलही सरकतो. पहिलं विमान इलेक्ट्रिकच घ्या.

प्रत्येक किलोला ४०० वॅट धरा. १.७ किलोच्या विमानाला सुमारे ७०० वॅट लागतील. चार सेलच्या बॅटरीवर भाराखाली १४ व्होल्ट मिळाले तर ५० अँपिअर. मग जोडणी अशी बसते:

- मोटर: सुमारे ८०० केव्ही (दर व्होल्टला मिनिटाचे फेरे), ७०० ते ८०० वॅट पेलणारी
- ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक): ७० अँपिअर, किमान ५ अँपिअरच्या स्विचिंग बीईसीसह (रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारा भाग)
- प्रॉप: १३×६.५ (व्यास×पिच, इंचांत) पासून सुरुवात, वॅटमीटरचा आकडा पाहून १३×८ पर्यंत
- बॅटरी: चार सेल, ३३०० एमएएच, किमान तीन नग

बॅटरीचा ८० टक्केच भाग वापरायचा, म्हणजे २६४० एमएएच. सरासरी २५ अँपिअर ओढले तर सहा मिनिटं आणि थोडे सेकंद. पहिल्या काही उड्डाणांना टायमर साडेचार मिनिटांवर लावा. चार्ज करताना बॅटरीत किती भरलं ते पाहून मग तो वाढवा.

तपासणी: नवा प्रॉप लावल्यावर वॅटमीटर जोडून पूर्ण थ्रॉटल फक्त पाच-सहा सेकंद. विमान एकाने घट्ट धरावं आणि प्रॉपच्या रेषेत कुणी उभं राहू नये. आकडा ईएससीच्या मर्यादेच्या ८० टक्क्यांवर गेला तर प्रॉप लहान करा.

इशारा: उड्डाणानंतर बॅटरी गरम असताना चार्जला लावू नका. दोन दिवसांत उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत लिपो बॅटरी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

## ७. रेडिओ आणि सर्व्हो

ट्रान्समीटर किमान सहा चॅनलचा. त्यात ड्युअल रेट (कमी-जास्त थ्रोची अदलाबदल), एक्स्पो (मध्याजवळ स्टिकचा परिणाम मऊ करणं), टायमर, दोन आयलेरॉनना वेगळे चॅनल आणि निदान दोन मोकळे मिक्स (एका नियंत्रणासोबत दुसरं आपोआप हलवणं) हवेत. मोड १ की मोड २ (कोणत्या स्टिकवर कोणतं नियंत्रण) या वादात पडू नका. मैदानावर जो तुम्हाला शिकवणार आहे, त्याचा मोड घ्या. अडचणीत ट्रान्समीटर त्याच्याच हातात द्यायचा आहे.

सर्व्होच्या जोरापेक्षा त्याचं मध्यावर परत येणं महत्त्वाचं. या आकाराला २ ते ३ किलो-सेंटिमीटर जोर पुरतो. दुकानातच तपासा: सर्व्हो डावीकडून मध्यावर आणा, मग उजवीकडून. हात दोन्ही वेळा एकाच जागी थांबला पाहिजे. हे जमत नसेल तर विमान दर वळणानंतर वेगळं ट्रिम मागेल आणि तुम्ही विनाकारण विमानाला दोष द्याल. पैसे वाचवायचेच असतील तर रंगीत स्टँडवर वाचवा, एलिव्हेटरच्या सर्व्होवर नको.

फेलसेफमध्ये (सिग्नल तुटल्यावरच्या ठरलेल्या स्थितीत) थ्रॉटल शून्य. प्रॉप काढून, ट्रान्समीटर बंद करून हे स्वतः पाहा.

## ८. चिकटवण्याआधी सरळपणा मोजा

खोका उघडला की संध्याकाळपर्यंत विमान जोडायची घाई होते. इथे एक पूर्ण दिवस द्या. वाकडी चिकटवलेली शेपूट नंतर कितीही मिक्स लावले तरी सरळ होत नाही.

1. पंख लावा आणि दोन्ही पंखांचा कोन मोजा. डाव्या-उजव्यात पाव अंशापेक्षा जास्त फरक नको.
2. आडवी शेपूट न चिकटवता बसवा. धडाच्या नाकावर मध्यभागी टाचणी लावून दोरा शेपटीच्या दोन्ही टोकांपर्यंत ताणा. अंतरात २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको.
3. मागून पाहा. पंख आणि शेपूट समांतर दिसली पाहिजेत. नसतील तर खाच घासा. आपण घासतो त्याच्या विरुद्ध बाजूला फट पडते, म्हणून थोडं-थोडं घासा.
4. पंख आणि शेपूट यांच्या कोनातला फरक शून्य ते अर्धा अंश.
5. सगळं जुळल्यावरच तीस मिनिटांचं इपॉक्सी. पाच मिनिटांचं घेतलं तर पुन्हा मोजायला वेळ उरत नाही.
6. उभी शेपूट गुण्याने आडवीशी काटकोनात.

तपासणी: इपॉक्सी ओलं असतानाच दोरा पुन्हा एकदा लावा.

## ९. जोडकाम, थ्रो आणि तोल

सर्व्होच्या हातावर आतलं भोक आणि हलणाऱ्या भागाच्या शिंगावर बाहेरचं भोक वापरा. सर्व्होचा पूर्ण प्रवास वापरला जाईल असं जोडकाम हवं. ट्रान्समीटरमध्ये प्रवास ५० टक्क्यांवर आणून थ्रो कमी करणं ही नेहमीची चूक आहे. त्याने अचूकता निम्मी होते. सांध्यांना बॉल लिंक लावा.

सुरुवातीचे थ्रो: आयलेरॉन आणि एलिव्हेटर प्रत्येक बाजूला १२ अंश, रडर ३० अंश. मिलिमीटरमध्ये हवं असेल तर १२ अंशांसाठी भागाची रुंदी गुणिले ०.२. म्हणजे ५० मिलिमीटर रुंद आयलेरॉनला १० मिलिमीटर. ३० अंशांसाठी रुंदीच्या निम्मं. एक्स्पो २० ते ३० टक्के.

इशारा: काही कंपन्यांच्या ट्रान्समीटरमध्ये एक्स्पो मऊ करायला आकडा अधिक लागतो, काहींत उणे. उलटा लागला तर मध्यावर विमान वेड्यासारखं तीक्ष्ण होतं. पडद्यावरचा आलेख पाहून खात्री करा: मध्याजवळ रेघ आडवी व्हायला हवी.

तोलाचा बिंदू माहितीपत्रकाच्या पट्ट्यातल्या पुढच्या टोकाला ठेवा. माहिती नसेल तर पंखाच्या सरासरी रुंदीच्या २८ टक्क्यांवर. बॅटरी, प्रॉप, काउल, सगळं लावूनच तोला. आधी बॅटरी पुढे-मागे सरकवा, शिसं हा शेवटचा उपाय. मग नाक आणि शेपूट धरून आडवा तोलही पाहा. एक पंख खाली जात असेल तर दुसऱ्याच्या टोकाला काही ग्रॅम चिकटवा.

## १०. ट्रिमचा क्रम

वारा पडलेली सकाळ निवडा. एका उड्डाणात एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोन बदल एकदम केले तर कोणत्याने काय झालं ते कळत नाही.

पहिलं: सरळ उड्डाण. ज्या थ्रॉटलवर पॅटर्न उडवणार, त्याच थ्रॉटलवर ट्रिम करा. उतरल्यावर ट्रिमचे टिचके जोडकामात वळवा आणि ट्रिम शून्यावर आणा.

दुसरं: तोल. ४५ अंश चढणीवर विमान उलटं करा आणि एलिव्हेटर सोडा. नाक सावकाश जमिनीकडे झुकलं तर योग्य. झपाट्याने पडलं तर नाक जड. वर आकाशाकडे चढायला लागलं तर शेपूट जड. बॅटरी ५ मिलिमीटरने सरकवून पुन्हा पाहा. तोल पक्का होईपर्यंत पुढचं काही करू नका, कारण त्यानंतरची प्रत्येक गोष्ट त्यावर उभी आहे.

तिसरं: मोटरचा कोन. पूर्ण शक्तीने सरळ वर. कॉकपिटमधून पाहिल्यासारखं विमान डावीकडे ओढत असेल तर मोटरचा उजवा कोन वाढवा, म्हणजे मोटर माउंटच्या डाव्या बोल्टांखाली एकेक पातळ वॉशर. २ ते ३ अंश साधारण लागतातच.

चौथं: आडवा तोल. सरळ उड्डाणातून जोरात वर खेचा. दर वेळी तोच पंख खाली राहत असेल तर तो जड आहे.

पाचवं: खालची उभी रेषा. थ्रॉटल बंद करून सरळ खाली. विमान स्वतःच्या पाठीच्या बाजूला ओढत असेल तर फक्त बंद थ्रॉटलला थोडा डाउन एलिव्हेटर मिक्स करा. पुरेशा उंचीवरून करा आणि लवकर बाहेर काढा.

सहावं: नाइफ एज. रडर दिल्यावर विमान पोटाकडे वळत असेल तर रडरला अप एलिव्हेटर मिक्स. रडरच्याच दिशेने लोळत असेल तर विरुद्ध आयलेरॉन. डावं आणि उजवं वेगळं तपासा, दोन्हींचे आकडे क्वचितच सारखे येतात.

साधारणपणे ३ ते ८ टक्के मिक्समध्ये काम होतं. १५ टक्क्यांच्या वर मागायला लागलं तर मिक्स वाढवू नका. आठव्या टप्प्यावर परत जा आणि दोरा पुन्हा लावा. बहुतेक वेळा शेपूट तिरकी असते किंवा तोल हललेला असतो.

सहाही पायऱ्या झाल्या की ट्रान्समीटरमधली मॉडेल मेमरी दुसऱ्या जागी उतरवून ठेवा. बॅटरीच्या जागेवर धडात मार्करने रेघ मारा. बॅटरी वेगळ्या वजनाची घेतलीत तर ती रेघ चालणार नाही, आणि दुसरी पायरी पुन्हा करावी लागेल.